सरळ लाकडाचं आधीच ठरलेलं असतं

परशुरामानं बाण मारला, समुद्र मागे हटला आणि जी जमीन उघडी पडली तिला कोकण म्हणतात, एवढं आमच्या लोट्यात पहिलीतलं पोरगंही सांगतं. केरळात म्हणे बाण नव्हे, परशू फेकला. फेकू देत. आमच्याकडे बाणच. देवाचं देऊळ पलीकडे चिपळूणच्या घाटात, पण औद्योगिक वसाहतीच्या पाटीवरसुद्धा त्याचंच नाव: लोटे परशुराम. त्या पाटीजवळून रात्रंदिवस रसायनांचे टँकर जातात आणि ड्रायव्हर मंडळी हात जोडतात. देवाला जोडतात की पुढच्या घाटाला, ते त्यांनाच ठाऊक.

हा बाण कुठून सुटला, कुठे पडला, समुद्र नेमका किती हटला, यावर इथल्या टपरीवर तासभर वाद रंगतो. पण ज्या धनुष्यातून तो सुटला ते कुठल्या लाकडाचं होतं, असं विचारलं की सगळे गप्प. मी विचारलं तेव्हा टपरीवाल्याचा चुना लावणारा हात जागीच थांबला. "देवाचं व्हतं ना? मंग सागाचंच असणार," तो म्हणाला. कोकणात चांगली वस्तू सागाचीच असते. दरवाजा सागाचा, देव्हारा सागाचा, तेव्हा धनुष्यही सागाचं. साग कुणापुढे वाकत नाही ही त्याची ख्याती खरी, पण धनुष्याला नेमकी तीच आड येते.

मला तरी हा प्रश्न कशाला पडावा? पडला तो पुतण्यामुळे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी, साताऱ्यातच सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. आमच्या पुतण्यानं हे मोबाइलवर पाहिलं आणि जेवता जेवता जाहीर केलं की आपणही तिरंदाजी करणार. तो पुण्यात नोकरीला, पण काम घरून, आणि घर लोट्यात. म्हणजे दिवसभर खोलीत बसून कुणाशी तरी इंग्रजीत भांडायचं आणि संध्याकाळी मोकळं. त्या जगज्जेत्यांची धनुष्यं म्हणजे चाकं, दोऱ्या, भिंगं असलेली यंत्रंच. त्यांची किंमत ऐकल्यावर वहिनींनी वाढता वाढता भाताचा डाव परत पातेल्यात ठेवला. तेव्हा त्यानं बेत बदलला. आता तो पारंपरिक धनुष्य करणार होता, स्वतःच्या हातानं, स्थानिक लाकडाचं. पारंपरिक म्हणजे फुकट, अशी घरात सगळ्यांची समजूत झाली आणि परवानगी मिळाली.

पहिली अडचण लाकडाची नव्हती, राजकारणाची होती. महाराष्ट्रात "आम्ही धनुष्यबाण करतोय" असं वाक्य मोकळेपणानं बोलायची सोय राहिलेली नाही. ८ ऑक्टोबर २०२२ ला निवडणूक आयोगानं फुटलेल्या पक्षाचं ते चिन्ह गोठवलं, १७ फेब्रुवारी २०२३ ला एका गटाला दिलं, आणि तेव्हापासून कोकणात धनुष्याचं नाव काढलं की समोरचा आधी इकडेतिकडे बघतो आणि मग हळूच विचारतो, "कुठल्या बाजूनं?" पुतण्या एकाकडे लाकडाची चौकशी करायला गेला. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, मतदारयादीत नाव आहे का विचारलं. "नाही हो काका, नुसतं धनुष्य करतोय, बाणाचं नंतर बघू," पुतण्या म्हणाला. त्यावर ते समजुतीनं हसले. "म्हंजे अजून तुमचं नक्की न्हाय."

बरं, लाकूड कसं हवं? सरळ हवं. पाच-सहा फूट लांब, मनगटाहून जाड, गाठ नको, पीळ नको, फाटा नको, कीड नको. धनुष्य ओढलं की त्याची पुढची बाजू, म्हणजे नेम धरणाऱ्यापासून लांबची, ताणली जाते आणि पोटाकडची दाबली जाते; त्यामुळे पुढच्या बाजूचा तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड लागतो. तो मधेच कुठे कापला गेला की लाकूड तिथूनच उचकटतं. म्हणून करवतीनं फळी काढायची नाही, पाचर मारून तंतूच्या रेषेत फोडायचं. हे सगळं पुतण्यानं आम्हाला अंगणात खडूनं आकृती काढून समजावलं. वहिनींनी ती रांगोळी समजून तिला हळदीकुंकू वाहिलं.

आता कोकणात झाडं काय कमी? घराबाहेर पाऊल टाकलं की झाड. पण सरळ लाकूड बघायला निघा म्हणजे कळेल. इथे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या दरवर्षी कवळ म्हणून तोडल्या जातात, तेव्हा डोंगरातला प्रत्येक ऐन म्हणजे मुंज झालेला बटू: वर थोडी शेंडी, खाली सगळी गाठोडी. त्यातून जी एखादी फांदी सरळ वाढते तिच्यावर गावाची नजर असते. ही कुऱ्हाडीच्या दांड्याला, ती नांगराच्या इसाडाला, ती गोठ्याच्या वाशाला, अमकी पालखीच्या दांड्याला. एका झाडापाशी आम्ही हरखून उभे राहिलो तर मागून आवाज आला, "ती सोडा. ती माझ्या पारयेची हाय." दुसरीकडे तर एका आजीनं हाताएवढ्या रोपाकडे बोट दाखवून सांगितलं की हा पुढं नातवाच्या लग्नाच्या मांडवाला लागणार आहे. नातू तेव्हा बालवाडीत होता. सरळ लाकूड आणि नोकरीवाला मुलगा, कोकणात दोघांचंही आधीच ठरलेलं असतं.

पुतण्यानं वाचून वाचून शेवटी एक झाड नक्की केलं: धामण. गोडसर-आंबट बारीक फळांचं, चिवट लाकडाचं झाड. दांड्याला, काठीला, बैलगाडीच्या जुवाला जुनी माणसं हेच शोधायची, आणि धनुष्यालाही. निवड बिनचूक होती, फक्त चौकशीची पद्धत शहरी होती. तो वाडीत शिरून मोठ्यानं विचारू लागला, "इकडे धामण कुठे मिळेल?" दोन मिनिटांत तीन माणसं काठ्या घेऊन जमली. एकानं पडवी दाखवली, कालच तिथे उंदरामागे आली होती म्हणे. दुसऱ्यानं मारू नका, शेतकऱ्याची मैत्रीण आहे, म्हणून भाषण दिलं. "मला लांब आणि सरळ हवी, जिवंत असली तरी चालेल, आम्ही येऊन कापू," असं पुतण्यानं सांगितल्यावर मात्र जमलेल्यांनी त्याला हळूहळू घराच्या दिशेनं वळवलं.

झाड सापडलं ते देवराईत. आणि झाड तरी कसं, सरळ, सडसडीत, तीन पुरुष उंचीवर पहिली फांदी. देवराईत सरळ झाडं असणारच, तिथे कवळ तोडायला कुणी जात नाही. सुक्या काटकीलाही हात लावायचा नाही असा दंडक. तरी विचारायला काय हरकत, म्हणून गुरवांकडे गेलो. गुरव म्हणाले, देवीला कौल लावू. नारळ झाला, गाऱ्हाणं झालं. गाऱ्हाण्यात पुतण्याचा हुद्दा, कंपनीचं नाव आणि 'तिरंदाजीचा योग' सगळं व्यवस्थित आलं. उजवा कौल काही पडेना. बराच वेळ वाट बघून गुरवांनी डोळे उघडले. "देवी म्हनते, आधी तुमच्या भावकीत इचारा."

देवीला आमच्या भावकीची कल्पना नसावी, किंवा पुरेपूर असावी.

भावकीच्या डोंगरातही एक धामण होतीच. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी नावापुरतं. डोंगर म्हणाल तो कुणाच्या तरी मालकीचा, आणि 'कुणाच्या तरी' म्हणजे सगळ्यांच्याच. आमच्या सातबाऱ्यावर जी नावं आहेत त्यांतली निम्मी लालबाग, डोंबिवली आणि विरारमध्ये राहतात, उरलेल्यांतली निम्मी स्वर्गात. झाडाची फांदी तोडायची म्हणजे निदान पृथ्वीवरच्यांची संमती हवी. पुतण्यानं भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नम्रपणे लिहिलं, एक फांदी हवी आहे, धनुष्य करायचं आहे. पहिल्या तासात नमस्काराचे हात आले. दुसऱ्या तासात डोंबिवलीच्या काकांनी विचारलं की आजच फांदी का, या जागेला काही गिऱ्हाईक आलंय का. तिसऱ्या तासात कुणीतरी १९७० च्या सुमाराच्या वाटणीचा विषय काढला. संध्याकाळपर्यंत दोन काका ग्रुप सोडून गेले होते आणि एका आत्यानं सगळ्यांना शांत राहायला सांगून, जाता जाता, उरलेल्या लाकडाचं लाटणं मला द्या असं कळवलं होतं. मग एकाला पोळपाट सुचला. एकाला काठी. जी फांदी अजून झाडावरच होती तिचे सरसनिरस मानानं वाटे पडले आणि तिच्यात धनुष्य बसेना. शेवटी डोंबिवलीच्या काकांनी तडजोड काढली: फांदी तोडावी, मात्र तोडल्यानं जमिनीवर कुठलाही हक्क निर्माण होत नाही असं पुतण्यानं लिहून द्यावं. त्यानं दिलं. धनुष्यावर आधी सही झाली, मग कुऱ्हाड.

इथे आमच्या शेजारच्या तात्यांचा प्रवेश होतो. तात्या वसाहतीतल्या एका कारखान्यातून सेफ्टी सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते फक्त पगारातून. फांदी तोडायला जाणार हे कळताच ते डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात गमबूट आणि हातात शिट्टी घेऊन हजर झाले. कुऱ्हाड कुणाकडे, खाली कोण उभा, वारा कुठून, फांदी पडल्यावर पळायचं कुठे, हे ठरल्याखेरीज त्यांनी कुणाला झाडाला हात लावू दिला नाही. कायदाही त्यांनीच वाचून आणला होता. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याला एक यादी जोडलेली आहे. त्यातलं झाड स्वतःच्या जागेत असलं तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, चिंच, जांभूळ... तात्या एकेक नाव खणखणीत आवाजात वाचत होते आणि प्रत्येक नावाला दूर महामार्गावरून एखादा डंपर हॉर्न देत होता. चौपदरीकरणात त्याच रस्त्याकडेची केवढाली झाडं गेली त्या वेळी तात्यांची शिट्टी कुठे होती, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांच्या हातात पाचर होती.

फांदी उतरली, फुटलीही छान. आतला तंतू बघून पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लाकडाच्या टोकातून ओल झपाट्यानं जाते आणि टोकाला चिरा पडतात, म्हणून दोन्ही टोकांना उरलासुरला ऑइलपेंट फासला, गेटाचा, निळा. मग ते फोडलेलं लाकूड माळ्यावर सावलीत आडवं ठेवलं. आता वाळायचं.

वाळणं हा कोकणातला अवघड विषय. पावसाळ्यात इथे मिठाला पाणी सुटतं आणि चामड्याच्या चपलांवर हिरवळ उगवते. लाकडात दहा-बारा टक्के ओल राहिली म्हणजे ते धनुष्याला योग्य, असं पुतण्यानं वाचलेलं. त्यानं ओल मोजायचं एक यंत्र मागवलं. पेटीतून बाहेर काढताच ते भिंतीला लावून बघितलं तर भिंतच फांदीपेक्षा ओली निघाली. दिवाळीनंतरची कोरडी हवा हाच काय तो मोसम. तात्यांनी कारखान्यातल्या बॉयलरजवळ ठेवून देऊ म्हणून सुचवलं, पण सहा फुटी लाकूड हातात घेऊन कंपनीच्या गेटातून आत कसं जायचं, या प्रश्नावर तो प्रस्ताव बारगळला.

इंग्रजांनी या बाबतीत आमच्यापेक्षा सरळ मार्ग काढला होता. त्यांची धनुष्यं यू नावाच्या झाडाची. स्वतःच्या देशातलं चांगलं लाकूड पुरेना, तेव्हा १४७२ साली त्यांनी कायदाच केला: बाहेरून माल घेऊन येणाऱ्या जहाजांनी दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. भावकी नाही, कौल नाही, सरळ कर. आणि आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये जो पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्याजवळही यूचंच धनुष्य होतं. लांबी १.८२ मीटर आणि अर्धवट तासलेलं. हे कळल्यापासून पुतण्याला फार धीर आला. घरात कुणी "झालं का रे तुझं धनुष्य?" विचारलं की तो त्या माणसाचा फोटो दाखवायचा.

आमच्याकडचं शास्त्रही जुनं आहे. कौटिल्यानं धनुष्याचे प्रकार सांगितले ते ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे. दोरीला रुई, ताग, वेळू किंवा जनावराचे स्नायू. रुई तर आमच्या रस्त्याच्या कडेलाच माजलेली, शनिवारी मारुतीला जाते तेवढीच तिची चैन. म्हणजे चाणक्याच्या शस्त्रागाराचा अर्धा माल लोट्याच्या एस.टी. थांब्यामागे उभा आहे. पण एकलव्याचं नाव आम्ही कुठे वापरतो? राष्ट्रीय खो-खो स्पर्धेतल्या सर्वोत्तम पुरुष खेळाडूला एकलव्य पुरस्कार देतात. अंगठा नसताना खो मात्र देता येतो, एवढाच त्यातला तर्क.

कौटिल्याच्या यादीत बांबू आहे हे वाचल्यावर मात्र पुतण्या चपापला. बांबू त्याला हलका वाटत होता. झाडाच्या मानानं हलका, असं नव्हे, प्रतिष्ठेच्या मानानं. सरकारचंही मत बरीच वर्षं नक्की नव्हतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांत मोजलेला. नव्वद वर्षं तो झाड म्हणून जगला आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारनं त्याला झाडाच्या व्याख्येतून काढलं. वनस्पतिशास्त्रवाले तो गवत आहे म्हणून आधीपासून कंठशोष करतच होते. आता स्वतःच्या जागेतला बांबू तोडून न्यायला वाहतुकीचा पास लागत नाही, म्हणजे तात्यांच्या शिट्टीला काम नाही. ते तरीही आले, हेल्मेट घालून.

बांबू दाखवायला आले ते कातकरीवाडीतले मामा. आमच्या भागात माणगा जातीचा बांबू होतो, बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव. बेटात हात घालून रक्त न निघता परत येतो तो माणगा. मामांच्या दोन अटी होत्या. काठी पावसात तोडायची नाही, कारण तेव्हा नवे कोंब येत असतात; आणि अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायची, नाहीतर भुंगेरा लागतो. पुतण्यानं लगेच सांगितलं की भुंगेरा बांबूतल्या पिठूळ अंशासाठी येतो, तो अंश कमी केला की येत नाही, वाहत्या पाण्यात भिजत ठेवला तरी चालतो. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "व्हय. म्हनूनच पऱ्यात टाकतो आमी. पन आवसंला तोडून." त्यामुळे विज्ञान आणि अमावास्या दोघांचाही मान राहून पौषात काठी तुटली.

मामा काठी निवडत होते ते बघण्यासारखं होतं. बेटाभोवती एक चक्कर, नुसती नजर वर. बाहेरच्या काठ्यांवर पांढुरकी भुकटी होती, पेरांना जुन्या आवरणाच्या चिंध्या लोंबत होत्या. त्या कोवळ्या, सोडल्या. आतल्या बाजूच्या दोन-तीन काठ्यांवर राखी ठिपके धरलेले. कोयत्याच्या पाठीनं मामांनी एकीवर ठोका मारला, मग दुसरीवर. पहिली बद्द बोलली, दुसरी टणक. दुसरीला जमिनीलगतच्या पेराच्या जरा वर कोयता बसला, दोन घाव, तिसऱ्याला काठी सुटली आणि वरच्या जाळीत अडकून उभीच राहिली. ती ओढून काढायला आम्ही चौघे आणि तात्यांच्या सूचना लागल्या. मग फोडणं. शेंड्याकडून मधोमध कोयता रोवला, हलकेच पिळला, चर्र करून चीर धावली. धावता धावता ती एका बाजूला सरकायला लागली, तशी मामांनी जाड राहिलेली बाजू गुडघ्याखाली दाबली. चीर मुकाट मधोमध आली आणि बुडापर्यंत गेली. पुतण्या हे मोबाइलवर टिपून घेत होता. मामांनी विचारलं, "दादा, धरता का जरा?" तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्याला दोन हात आहेत.

पुढची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. बांबूची बाहेरची साल ताण सोसायला कशी उत्तम, ती धनुष्याच्या पुढच्या बाजूला का ठेवायची, पोटाकडचं नरम अंग किती तासायचं, धनुष्याचे दोन्ही हात सारखे वाकतात की नाही ते कसं बघायचं, हे पुतण्या तात्यांना समजावून देत होता. तात्यांना प्रत्येक वाक्यामागे एक शंका. इकडे मामांनी उरलेल्या कामटीचा तुकडा घेतला, कडा तासल्या, दोन्ही टोकांना खाचा पाडल्या, सालीची एक बारीक पट्टी काढून तिचीच दोरी चढवली आणि नातवाच्या हातात दिलं. पोरानं चिव्याची काडी लावून सोडली. ती तात्यांच्या हेल्मेटवर टक्कन बसून खाली पडली. हेल्मेटचा उपयोग झाला असा तात्यांच्या निवृत्तीनंतरचा हा पहिलाच प्रसंग, त्यामुळे ते रागावले की धन्य झाले ते समजलं नाही.

"मामा, पण हे वाळवलं नाही, सीझनिंग नाही, असं किती दिवस टिकेल?" पुतण्यानं विचारलं.

"त्याला आज खेलायचं हाय," मामा म्हणाले.

आमची कामटी मात्र शास्त्रोक्त पद्धतीनं पऱ्यात भिजली, मग चुलीवरच्या धुरात टांगली गेली. धामण माळ्यावर होतीच. आणि मग शिमगा आला. होळीसाठी पोरं गावभर लाकूड पळवतात. गोठ्याचं फाटक, मोडकी बाज, कुणाच्या कुंपणाचा खांब, काहीही. त्याची तक्रार करायची नसते, केली तर पुढच्या वर्षी अंगणातलं बाकडं जातं. सकाळी माळा मोकळा दिसला तेव्हा पुतण्या होळीकडे धावला. राखेत शोधायची गरज पडली नाही. पोरांनी स्वतःहून कौतुक केलं. "काका, तुमचं ते निळं टोकवालं काय पेटलं वं! पार वरपर्यंत ज्वाळ गेली." भावकीच्या ग्रुपवर ही बातमी गेली तेव्हा लाटणंवाल्या आत्यानं रडका चेहरा पाठवला. डोंबिवलीच्या काकांनी लिहून दिलेला कागद जपून ठेवायला सांगितलं. झाड गेलं तरी हक्क राहतो म्हणे.

उरला बांबू. चुलीचा धूर खाऊन तो तांबूस आणि टणक झाला होता. पुतण्यानं तो तासला, पडवीतल्या खुंटीला अडकवून दोरीनं खाली ओढून बघितला, जिथे वाकत नव्हता तिथे काचेच्या तुकड्यानं खरवडला, पुन्हा ओढला. हे काम संपत नाही. उजवा हात डाव्यापेक्षा ताठ, म्हणून उजवा खरवडायचा. आता डावा ताठ, म्हणून डावा. असं करत करत माणसाचं धनुष्य शेवटी दात कोरायच्या काडीवर येतं. वहिनी दर संध्याकाळी भुसा झाडत आणि "झालं आता, पुरे" म्हणत. आणि मला वाटतं योग्य वेळी थांबायला त्यांनीच लावलं. जोर मोजायला मासेवालीचा ताणकाटा उसना आणला. पूर्ण ओढीला काटा साडेतेरा किलोवर गेला. "कसली मासली हाय?" तिनं विचारलं. धनुष्य आहे असं सांगितल्यावर तिनं काटा उलटसुलट करून बिघडला नाही ना ते बघून घेतलं.

अक्षय्य तृतीयेला, परशुराम जयंतीच्या मुहूर्तावर, पहिला बाण सुटला आणि गवताच्या पेंढीत घुसला. गावात बातमी पसरायला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली, आणि त्यांच्या मनात माकडं होती. वानर-माकडांनी कोकणातल्या बागांचं काय केलंय ते बागायतदारांना विचारा. फणस राहत नाही, नारळ राहत नाही, आंब्याची तर ते साल काढूनही खातात. "एक मारून दाखवा," लोक म्हणत. तात्यांनी १९७२ च्या वन्यजीव कायद्याची प्रत आणून भिंतीला चिकटवली. माकडांनी ती वाचली असावी, कारण त्याच दुपारी एक हुप्प्या कौलावर बसून धनुष्याकडे निवांत बघत होता आणि पुतण्या त्याच्याकडे. बराच वेळ गेला. मग हुप्प्यानं पेंढीतला बाण उपसला, वास घेतला आणि टाकून दिला.

धनुष्याला खरं गिऱ्हाईक मिळालं ते देवळाच्या उत्सवातल्या नाटकमंडळाचं. या वर्षी सीतास्वयंवर बसवत होते. मंडळाचे अध्यक्ष, सचिव आणि राम असे तिघे आले. धनुष्य हातात घेतलं, दोरी ओढून बघितली, एकमेकांकडे माना हलवल्या. पुतण्याची छाती फुगली. त्यानं तंतूचं सांगितलं, सालीचं सांगितलं, हे कसं मोडणार नाही ते सांगितलं.

"तीच तर अडचण हाय," अध्यक्ष म्हणाले. "आमाला मोडनारं पायजे."

रामानं उचललं की पहिल्याच ओढीला मधोमध मोडलं पाहिजे, आणि आवाज मोठा आला पाहिजे, मागे फटाका नको, गेल्या वर्षी जनकाचं धोतर जळलं होतं. त्यानंतर लगेच परशुरामाची एन्ट्री आहे, धनुष्य मोडलं म्हणून तो चिडतो; म्हणजे त्याला दोन्ही तुकडे व्यवस्थित दिसायला हवेत. आणि तीन रात्री प्रयोग, तेव्हा सकाळी पुन्हा जोडता आलं पाहिजे. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्यानं वही काढली, मधल्या जोडाची आकृती काढली आणि विचारलं की लाकूड कुठलं वापरू.

"लाकूड कशाला?" सचिव म्हणाले. "कंपनीतला पीव्हीसी पाइप हाय माज्याकडं. निळा रंग देऊ."